लहान लेकराला घेऊन इमॅजिका पाहायला जाताना

खरिपाची मळणी उरकते, सोयाबीन-कापसाचा पैसा हाती येतो, दुकानदाराची आणि सोसायटीची देणी भागतात, आणि मग घरात एक विषय हमखास निघतो. यंदा पोरांना कुठे न्यायचे? पूर्वी याचे उत्तर ठरलेले असे. गावची जत्रा, मामाचे गाव, फार तर पंढरपूर किंवा अष्टविनायक. आता मुले मोबाइलवर उंच उंच पाळणे आणि आकाशात उलटी होणारी गाडी पाहतात आणि नाव घेऊन मागणी करतात. पुण्या-मुंबईकडचे पाहुणे येऊन त्यात भर घालतात. मग एक दिवस ठरते, की खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जायचे.

जायला हरकत काहीच नाही. कष्टाच्या घरालाही हौस असते आणि असावी. पण तिकिटे, गाडीभाडे, खाणेपिणे धरून चार-पाच माणसांच्या कुटुंबाचा हा खर्च काही हजारांत जातो. एवढे करून दुपारी दोन वाजता तीन-चार वर्षांचे पोर रडून बेजार, आई त्याला कडेवर घेऊन बेजार आणि बाप 'एवढे पैसे भरले ते कशाला' म्हणून चिडलेला, असे चित्र तिथे जागोजागी दिसते. यात दोष पोराचा नसतो आणि जागेचाही नसतो. आपण ती जागा आपल्या हौसेच्या मापाने पाहायला निघतो आणि लेकराचे माप वेगळे असते. ते माप कसे घ्यायचे, एवढेच आज सांगायचे आहे.

ही जागा आहे तरी काय?

रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यात, खोपोलीहून पालीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सांगडेवाडीजवळ हे उद्यान आहे. चित्रपटसृष्टीतले मनमोहन शेट्टी यांच्या कंपनीने ते उभारले आणि २०१३ साली ते सुरू झाले. पुढच्याच वर्षी शेजारी पाण्याच्या खेळांचा भाग सुरू झाला. २०२२ मध्ये आपल्या संगमनेरच्या मालपाणी समूहाने हा कारभार हाती घेतला.

जत्रेतला आकाशपाळणा आणि इथले खेळ यांत एक मोठा फरक आहे. जत्रेत प्रत्येक पाळण्याचे पैसे वेगळे द्यावे लागतात. इथे दारातच एकदा तिकीट काढले, की आतले बहुतेक खेळ त्यातच येतात. ऐकायला हे बरे वाटते, पण सगळी गंमत आणि सगळी गडबड इथेच आहे. पैसे आधीच दिलेले असल्यामुळे माणसाला वाटते, जितके खेळ जास्त तितके पैसे वसूल. मग सुरू होते धावपळ. लेकराच्या पायांना ती धावपळ झेपत नाही आणि त्याच्या मनाला तर मुळीच नाही.

बाकावर बसलेला बाप

अशा उद्यानांची कल्पना कुठून आली, तेही थोडे समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकेत वॉल्ट डिस्ने नावाचे चित्रपट काढणारे गृहस्थ होते. डायान आणि शॅरन या त्यांच्या दोन मुली. सुटीच्या दिवशी ते मुलींना लॉस एंजलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये लाकडी घोड्यांच्या चक्रीवर बसवायला नेत. मुली घोड्यांवर गोल गोल फिरत आणि बाप बाजूच्या बाकावर शेंगदाणे खात बसे. तिथे बसल्या बसल्या त्यांच्या मनात आले, की आईबाप आणि मुले दोघांनाही एकत्र रमता येईल अशी जागा का असू नये? पुढे कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइम गावाजवळ त्यांनी सुमारे १६० एकर जमीन घेतली. तिच्यावर संत्र्याच्या बागा होत्या. तिथे १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड सुरू झाले आणि जगभरच्या अशा उद्यानांना वाट मिळाली.

पहिल्या दिवशी मात्र तिथे तारांबळच उडाली. खोट्या तिकिटांवर भलतीच माणसे आत शिरली. उन्हाचा कडाका, त्यात नळ जोडणाऱ्या कामगारांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याची सोय अपुरी आणि ओल्या डांबरात बायकांच्या चपलांच्या टाचा रुतलेल्या. एवढा पैसा ओतलेल्या जागेतही ऊन, तहान आणि गर्दी यांनी दिवस बिघडवला. आपल्या लेकराचा दिवसही हीच तीन कारणे बिघडवतात, म्हणून हे सांगितले.

उंचीची पट्टी काय सांगते

प्रत्येक मोठ्या खेळाच्या दाराशी उंचीची खूण केलेली पट्टी असते. लेकराचे डोके त्या खुणेपर्यंत पोहोचले नाही, तर त्याला आत सोडत नाहीत. अ‍ॅनाहाइमच्या डिस्नेलँडमध्येही काही वेगवान गाड्यांना ४० इंच आणि काहींना ४६ इंच उंची लागते. आपल्याकडेही प्रत्येक खेळाचे माप ठरलेले असते.

या पट्टीशी हुज्जत घालणारे पालक पुष्कळ दिसतात. 'एका बोटाने कमी आहे हो, सोडा की', असे म्हणतात. कोणी पोराला टाचा उंच करायला सांगतो, कोणी बुटात कापड कोंबतो. कृपा करून असे करू नका. बैलाचे जू गोऱ्ह्याच्या मानेवर बसत नाही, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. खेळाच्या बैठकीवरचा दांडाही तसाच एका मापाच्या शरीरासाठी केलेला असतो. गाडी उंचावरून खाली कोसळते तेव्हा माणसाचे शरीर क्षणभर बैठकीवरून उचलले जाते. मोठ्या माणसाला तो दांडा खांद्यावर किंवा मांडीवर अडवतो. लहान पोर त्याखालून सरकू शकते. शिवाय लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि जड असते आणि मान कोवळी असते. एकाएकी बसणारा हिसका त्या मानेला सोसत नाही.

म्हणून एक काम घरीच करा. दाराच्या चौकटीला लेकराला अनवाणी उभे करा, डोक्यावर पाटी आडवी धरून खडूने खूण करा आणि टेपने मोजा. मग उद्यानाच्या संकेतस्थळावर पाहून किंवा फोन करून विचारून घ्या, की या उंचीला कोणकोणते खेळ चालतात. घरात मोबाइल वापरणारा भाचा-पुतण्या असतोच, त्याच्याकडून हे करवून घ्या. इथले तिकीटही उंचीच्या मापावर ठरते. अगदी लहान पोराला तिकीट लागत नाही, त्याची मर्यादा आणि त्या दिवसाचा दरही त्याच वेळी विचारा. म्हणजे दारात खिसा चाचपावा लागणार नाही. आणि पोरालाही आदल्या दिवशीच सांगून ठेवा, की मोठी गाडी दादासाठी आहे, तुझी हत्तीची गाडी वेगळी आहे. दारावर पोहोचून 'नाही' ऐकले की पोर रडते. घरीच ऐकलेले असले तर फार वेळ रडत नाही.

कधी जायचे, कसे जायचे

इथे शेतकऱ्याला नोकरदारापेक्षा एक सवड जास्त आहे. नोकरदाराला शनिवार-रविवारच सापडतो, त्यामुळे त्या दिवशी रांगा लांबतात. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीतही तेच. तुमचे पोर अजून अंगणवाडीत असेल, तर मंगळवार-बुधवारसारखा मधला वार धरा. डिसेंबर-जानेवारीची थंडी सर्वांत बरी. कोकणपट्टीचे एप्रिल-मेचे ऊन दमट असते, घाम वाळत नाही आणि लेकरू लवकर कोमेजते. पावसाळ्यात खोपोलीकडे धो-धो पाऊस पडतो आणि पाऊस-विजांमुळे उघड्यावरचे काही खेळ बंद ठेवावे लागतात. उद्यान त्या दिवशी चालू आहे ना, हे निघण्यापूर्वी विचारायचेच.

दुसरी गोष्ट अष्टविनायकाची. महडचा वरदविनायक खोपोलीजवळ आहे आणि पालीचा बल्लाळेश्वर त्याच रस्त्यावर पुढे आहे. जीपगाडी ठरवली, की घरातले जाणते म्हणतात, 'एवढे लांब आलोच आहोत, तर दोन्ही दर्शने आणि इमॅजिका एका दिवसात उरकू.' मोठ्यांना ते जमेल, लेकराला जमणार नाही. दर्शन आदल्या दिवशी करा, मुक्काम करा आणि सकाळी ताज्या अंगाने उद्यानात जा. मुक्काम जमत नसेल तर दोहोंतले एकच करा. बल्लाळेश्वर तर बल्लाळ नावाच्या बालभक्ताच्या नावानेच ओळखला जातो. लेकराच्या सोयीने दर्शन पुढे ढकलले म्हणून तो रागावणार नाही.

पुण्याकडून येणाऱ्यांना खंडाळ्याचा घाट उतरावा लागतो. घाटात मुलांना मळमळते. पोटाला तडस लागेपर्यंत दूध पाजून घाट उतरू नका. कोरडी दशमी, थोडा गूळ, घोट घोट पाणी एवढे पुरे. रेल्वेने येणाऱ्यांसाठी कर्जतहून खोपोलीपर्यंत लोकल गाडी आहे, पुढे रिक्षा किंवा गाडी करावी लागते.

आत गेल्यावरचा क्रम

बाहेरचे खाणे अशा उद्यानांत सहसा आत नेऊ देत नाहीत. तान्ह्या मुलाच्या खाण्यापुरती सूट असते, तीही आधी विचारावी. म्हणून धपाटे-चटणीची शिदोरी दाराबाहेरच सोडा, सगळ्यांनी पोटभर खा आणि मगच आत जा. पाण्याची रिकामी बाटली जवळ ठेवा आणि आत पिण्याचे पाणी कुठे आहे, हे पहिल्यांदा पाहून ठेवा. लेकरू पाणी मागेपर्यंत थांबू नका. खेळाच्या नादात ते मागतच नाही. तासात दोन-तीनदा आपणच घोटभर पाजावे. डोक्याला टोपडे, अंगात सुती कपडे आणि पायांत रोजच्या वापरातल्या चपला. नवे बूट त्या दिवशी मुळीच नकोत.

सकाळी रांगा कमी असतात. लेकराचे मनही सकाळी ताजे असते. म्हणून पहिले दोन तास त्याच्या खेळांना द्या. 'टबी टेक्स ऑफ' नावाच्या खेळात हत्तीच्या आकाराच्या गाड्या गोल फिरत वर-खाली होतात. 'मॅजिक कॅरोसेल' म्हणजे आपली लाकडी घोड्यांची चक्री, नाव तेवढे इंग्रजी. 'वॅगन-ओ-ओ-व्हील' हा लहान आकाशपाळणा आणि 'मँबो चाय चामा' म्हणजे चहाच्या पेल्यांत बसून फिरणे. काही खेळ दुरुस्तीसाठी बंद असतात, तेव्हा दारातच नकाशा घेऊन त्या दिवशी काय चालू आहे ते विचारा.

दोन फिरत्या खेळांच्या मध्ये थोडी विश्रांती हवी. आपल्या कानाच्या आत बारीक वाकड्या नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. त्यावरून मेंदूला कळते, की शरीर कुठे वळते आहे. पाण्याने भरलेली घागर गरकन फिरवून थांबवली, तरी आतले पाणी फिरतच राहते. कानातल्या द्रवाचेही तसेच होते. शरीर थांबलेले असते आणि मेंदूला वाटते आपण फिरतोच आहोत. त्यामुळे चक्कर येते, उलटी होते. जेवल्यावर लगेच फिरत्या खेळात बसवू नका, हे त्यासाठीच.

दुपारी बारा ते तीन मुलाला सावलीत ठेवा. लेकरू घरी दुपारी झोपत असेल, तर तिथेही त्याला झोपू द्या. आजी बरोबर असेल तर एक बाक धरावा आणि पोराला मांडीवर थोपटावे. तो दीड तास वाया गेला असे समजू नका. झोपून उठलेले पोर संध्याकाळपर्यंत हसते, न झोपलेले पोर चारलाच घरी चला म्हणते. झोपेच्या वेळी घरातली तरणी माणसे आळीपाळीने मोठे खेळ करून येऊ शकतात. 'नायट्रो' नावाची गाडी सुमारे ४० मीटर, म्हणजे तेरा-चौदा मजली इमारतीइतक्या उंचीवर जाते. ज्याला हौस आणि छाती आहे त्याने जावे. ज्याला रक्तदाबाचा, हृदयाचा किंवा पाठीचा त्रास आहे त्याने आणि गरोदर बाईने अशा खेळात बसू नये.

भीतीला हसू नये

'राजासॉरस' नावाच्या खेळात होडीत बसून डायनॉसॉरच्या राज्यातून जायचे असते. राजासॉरस हा खराच आपल्या देशातला प्राणी होता. गुजरातेत नर्मदेच्या खोऱ्यात त्याची हाडे सापडली आणि २००३ साली त्याला ते नाव दिले गेले. थोरल्या मुलाला हे सांगितले तर त्याला खेळाची दुप्पट गंमत येते. पण तीन-चार वर्षांच्या पोराला अंधारातला तो जबडा खराच वाटतो. खरे काय आणि सोंग काय, हा भेद त्या वयात पुरता झालेला नसतो. गावात बहुरूपी आला की हेच पोर आईच्या पदरामागे लपत होते ना? तसेच इथे मोठ्या मुखवट्याची बाहुली जवळ आली की ते लपते.

अशा वेळी 'मर्दासारखा मर्द आणि घाबरतोस काय' म्हणून त्याला पुढे ढकलू नका. लांबून पाहू द्या, हात हलवू द्या. मन झाले तर ते आपोआप पुढे जाईल. रांगेच्या टोकाशी पोहोचून पोर 'नको' म्हणाले, तर रांगेत घालवलेल्या अर्ध्या तासाकडे पाहू नका, परत फिरा. धरूनबांधून बसवलेल्या पोराला पुढे गावच्या जत्रेतला पाळणाही नकोसा होतो. 'बाबांना नको म्हटले की बाबा ऐकतात', एवढा विश्वास त्याच्या मनात बसला, तर तो जन्मभर पुरेल.

हात कोणी धरायचा

एकत्र कुटुंबात माणसे पुष्कळ असतात आणि पोर नेमके त्यामुळेच हरवते. आईला वाटते ते काकूजवळ आहे, काकूला वाटते बापाजवळ आहे. म्हणून एक नियम करा. लेकरू कोणाच्या ताब्यात आहे, हे तोंडाने बोलून ठरवायचे. 'आता तुमच्याकडे हं', असे म्हणायचे आणि समोरच्याने 'हो' म्हटल्यावरच हात सोडायचा.

सकाळी आत शिरतानाच मोबाइलवर पोराचा एक फोटो काढा, म्हणजे त्या दिवशीचे कपडे त्यात येतील. त्याच्या खिशात घरच्या दोन माणसांचे फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. नाव विचारल्यावर नुसते 'बाळ्या' न सांगता स्वतःचे, बापाचे आणि गावाचे नाव सांगायला घरीच शिकवा. हरवलास तर धावत सुटू नकोस, आहेस तिथेच थांब आणि गणवेशातल्या माणसाला सांग, हेही शिकवा. चुकलेली मुले कुठे आणून बसवतात, ती खोली दारातच विचारून ठेवा. पोर दिसेनासे झाले तर पहिल्या मिनिटालाच कर्मचाऱ्याला सांगा. 'सापडेल इथेच' म्हणून आपणच शोधत राहू नका. आणि सापडल्यावर पहिली गोष्ट पोटाशी धरायची. रागवायचे ते घरी गेल्यावर, हवे तर.

शेजारच्या पाण्याच्या भागाचे तिकीट वेगळे असते. लहान मूल असेल तर दोन्ही एका दिवसात करू नका. पाण्यात साडी, धोतर किंवा सुती कपडे चालत नाहीत, पोहण्याचा वेगळा पोशाख लागतो. तो भाड्याने घ्यायचा तर तो खर्च धरा. लाटांच्या तलावात पोर हाताच्या अंतराबाहेर जाऊ देऊ नका. बुडणारे मूल ओरडत नाही, गुपचूप खाली जाते. विहिरीकाठी वाढलेल्या आपल्या लोकांना हे वेगळे सांगायला नको.

पैसे वसूल होतात ते असे

संध्याकाळी दिवे लागतात, काही दिवशी मिरवणूकही निघते. ती आहे का आणि किती वाजता, हे सकाळीच विचारा. पोर जागे असेल तर पाहा, पेंगत असेल तर सोडून द्या.

आता तुम्ही म्हणाल, अशाने चार-पाचच खेळ होतील, मग एवढे तिकीट कशाला? तर मंडळी, पोत्यात धान्य किती मावते हे पोत्यावर ठरते, खळ्यावरच्या राशीवर ठरत नाही. तीन वर्षांच्या लेकरात एका दिवसाला चार-पाच गमतीच मावतात. त्याच्याहून जास्त ओतले तर सांडते. आणि हेही मोकळेपणाने सांगतो, की पोर तीनच्या आतले असेल आणि घरात दुसरे मोठे मूल नसेल, तर दोन-तीन वर्षे थांबायला हरकत नाही. त्या वयाला गावच्या जत्रेतली चक्री आणि बापाचा खांदा पुरतो. जत्रेतल्या पाळण्यापाशी उंचीची पट्टी नसली, तरी आता ती तुमच्या डोळ्यांत आहे. दांडा घट्ट बसतो का, लेकरू खालून सरकेल का, हे पाहूनच बसवा.

घरी आल्यावर आठवडाभर पोर हत्तीच्या गाडीचीच गोष्ट सांगेल, गोठ्यातल्या वासरालाही सांगेल. ती ऐकून घ्या आणि दाराच्या चौकटीवरची खडूची खूण पुसू नका. पुढच्या दिवाळीत तिथेच पुन्हा उभे करा. किती वाढला ते कळेल आणि कोणता नवा खेळ त्याच्या मापाचा झाला तेही कळेल.